आधी पडदा, मग लाइट

मेट्रनबाई स्वतःच्याच घरात शिरताना आधी दारावर टकटक करायच्या. घरात त्या एकट्या राहत. कुलूप त्यांनीच काढलेलं असे. तरी बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकायचं, जरा थांबायचं, "येऊ काय?" म्हणायचं आणि मगच पाऊल आत टाकायचं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोजमापाचा टेप आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्या मागे उभी होते. मी तशीही फारसं विचारत नाही. त्याच वळून म्हणाल्या, "सवय लावून राह्यली स्वतःले. आत ती असन तर दचकली नाई पाह्यजे."

ती म्हणजे कोण, हे मला लगेच कळलं नाही. इंटिरियरचं शिक्षण संपवून मी वर्ध्याला परत आले होते आणि हे माझं पहिलंच स्वतंत्र काम होतं. सिंदी मेघेतलं तळमजल्याचं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर. वरच्या मजल्यावर त्यांची भाची शीतल राहायची. बाई दवाखान्यातून मेट्रन, म्हणजे नर्सांच्या प्रमुख, म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि भाजीवालीपासून सगळी कॉलनी त्यांना मेट्रनबाईच म्हणायची. बोलताना त्या समोरच्याचं मनगट धरायच्या, नाडी बघतात तसं. मला ते फार अवघड वाटायचं. घाबरलेलं मला चेहऱ्यावर लपवता येतं, मनगटात नाही.

पहिल्या बैठकीत मी लॅपटॉपवर त्यांना हॉल दाखवला. पांढरी चकचकीत फरशी, करड्या भिंती, छतात लपवलेले दिवे, समोरच्या भिंतीवर मोठा आरसा. "असा पीसफुल लुक येईल," मी म्हणाले, आणि मग घाईघाईने, "म्हणजे शांत."

त्यांनी चष्मा वर केला. "अवं कॉन्व्हेंटवाली, हे तं ओपीडी दिसून राह्यली."

माझी शाळा इंग्रजी होती, हे त्यांनी एका शब्दावरून ओळखलं होतं.

"शांत अन् चुप यात फरक हाय, बेटा. वॉर्डात पेशंट भेवानं चुप पडला राह्यते, अन् डॉक्टर लिवून जाते, पेशंट शांत हाय. मले चुप घर नको."

मग त्यांनी माझं मनगट धरून सगळं सांगितलं. त्यांच्या आईला विसरण्याचा आजार झाला होता. नंतर मोठ्या बहिणीला. "आता माहा नंबर. सुरू झालं हाय." आवाजात काही बदल नव्हता, जशी ड्युटीची वेळ सांगावी. "मी जाईन अन् इथं एक दुसरी बाई राह्याले येईन. तिले काई आठवनार नाई. पन भेव लागन. घर तिच्यासाठी करायचं हाय, माह्यासाठी नाई."

त्या दिवशी परत जाताना मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून बसून राहिले. असा क्लायंट कसा हाताळायचा हे कोणी शिकवलं नव्हतं.

पुढे मी फक्त ऐकत गेले. चकचकीत फरशी रद्द झाली. "माही आई पॉलिशच्या फरशीच्या काठावर लुगडं वर धरून उभी राह्यची. तिले पानी दिसे. आम्ही ओढून आनलं का किंचाळे." म्हणून मातीच्या रंगाची, न चमकणारी फरशी. दारातलं काळं पायपुसणं गेलं, कारण आजारी डोळ्याला तो खड्डा वाटतो. न्हाणीघराचं दार संत्र्याच्या रंगाचं करायचं, पलंगावरून दिसेल असं. आरसा तर नाहीच. नवा सोफा मी सुचवला तर म्हणाल्या, "तिले कोनी ओळखीचं पाह्यजे का नाई घरात?" हात टेकून टेकून झिजलेली त्यांची लाकडी खुर्ची तशीच राहिली, आणि समोर कोनाड्यात लहानशी बुद्धमूर्ती, त्यांच्या लग्नाच्याही आधीची.

मागच्या खोलीत एक जुनी लाकडी खाट होती. तिच्या दोन्ही बाजूंना लाकूड एकाच जागी घासून गुळगुळीत झालेलं होतं. मी तिथे टेप लावत होते. बाई दारातच थांबल्या. त्या खोलीत त्या येत नसत.

"दोरीचे वळ होय थे," त्या म्हणाल्या. "आई घाबरून रस्त्यावर पळायची. मी ड्युटीवर जायची. काय करन मानूस? मीच बांधलं. नर्स होती ना, गाठ पक्की मारता येत होती."

मी टेप गुंडाळला.

"मले कोनी बांधू नाई, एवढंच हाय माहं म्हननं. अन् शीतलवर तशी पाळी येऊ नाई." मग माझ्यासोबत आलेल्या सुताराकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, याचं काईही कर. पन खाट नको." त्याने त्या लाकडाच्या स्वयंपाकघरातल्या उघड्या फळ्या केल्या, दार नसलेल्या. चहा, साखर, मीठ, सगळं समोर. जे दिसत नाही ते तिच्यासाठी नसेलच, असं बाईंचं म्हणणं होतं.

काम होत आलं तशा त्या तालीम घेऊ लागल्या. "आज मी ती," असं म्हणून बाहेर जायच्या, टकटक करून आत यायच्या आणि खोलीभर नजर फिरवून विचारायच्या, "हे कोनाचं घर होय?" डोळे एकदम रिकामे. मग कुठे अडखळलं ते सांगायच्या: इथली पायरी दिसत नाही, हे बटण सापडत नाही. मी दुरुस्ती लिहून घ्यायचे. माझं इंग्रजी मिसळलेलं, अडखळतं उत्तर ऐकून हसायच्या. "तुही मराठी डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी हाय. अर्धी समजते, अर्धी मेडिकलवाल्याले विचारा लागते."

एका संध्याकाळी दिवे बसवून झाले होते. मी हॉलचा दिवा लावला. मोठ्या खिडकीचे पडदे अजून यायचे होते. बाई खिडकीसमोर उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "ती बाई कोन होय? केव्हाची बाहेर उभी हाय."

मला वाटलं, तालीम. मी चक्क हसले. "तुम्हीच की, बाई."

त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा होता आणि त्या नाडी बघत नव्हत्या, नुसतं घट्ट धरून होत्या. "तिले जा म्हन. पाहून राह्यली माह्याकडे. जा म्हन ना वं तिले!"

मी एका हाताने दिवा बंद केला. काच पुन्हा काच झाली, बाहेरचं कडुनिंबाचं झाड दिसलं. त्यांचा श्वास जोरात चालला होता, आणि माझाही. श्वास बसला तशा त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "जाड पडदा लाव. आरसे काढले अन् एवढा मोठा राह्यला." त्या दिवसापासून त्यांनी एकच पाठ धरला. आधी पडदा, मग लाइट. रोज दिवेलागणीला, त्याच क्रमाने, मोठ्याने म्हणत. "डोकं विसरन, हात विसरनार नाई. हाताले शिकवून ठेवा लागते."

घर त्यांच्या स्वाधीन करून मी निघाले तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. "येत जाजो," म्हणाल्या. "मी नसन तरी येजो. ती राहीन ना." मी गेले नाही. कामं होती, पण खरं सांगायचं तर भीती होती.

यंदा शीतलचा फोन आला. मावशी आता कोणालाच ओळखत नाही म्हणाली. "मलेही नाई. पन ये ना एकदा. तुह्या घरात कशी राह्यते थे तं पाह्य."

मी संध्याकाळी गेले. फाटकापाशीच छाती धडधडायला लागली. दारावर दोनदा ठोकलं. "येऊ का?"

दार उघडंच होतं; मी उंबरठ्यातच थांबले. त्या लाकडी खुर्चीत बसल्या होत्या. वाळल्या होत्या खूप. माझ्याकडे पाहिलं, आणि ती रिकामी नजर मी ओळखली. फक्त या वेळी त्यानंतर दुरुस्ती सांगायला कोणी येणार नव्हतं. बाहेर अंधारत होतं. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. मग बटण दाबलं. तोंडाने काही म्हणाल्या नाहीत. हात आपोआप चालले.

मग माझ्याजवळ येऊन त्यांनी मनगट धरलं.

"लय पळून राह्यली नाडी. भेव लागते काय तुले?"

"हो," मी म्हणाले.

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तूच काय वं ती? किती वाट पाह्यली तुही." आणि माझं मनगट न सोडता मला आत घेऊन निघाल्या. "ये. हे सारं तुह्यासाठीच करून ठेवलं हाय. पानी नाई होय थे, फरशी होय. ठेव पाय."

मी पाय ठेवला.