देव्हाऱ्यातली घंटा

नवरा गेल्यापासून माझी पूजा हाताने चालायची, मनाने नाही. सकाळी अंघोळ, दिवा, दोन फुलं, घंटा, झालं. कार्डिफमध्ये सकाळी अंधारच असतो, म्हणून दिवा बरा वाटायचा, एवढंच. मी माण तालुक्यातल्या गावात चौथीपर्यंत शिकलेली. नवरा डॉक्टर, म्हणून या देशात आले. तो इथल्या हॉस्पिटलात राबला आणि शेवटी इथल्याच खाटेवर पोटाच्या कॅन्सरने कण्हत गेला. तेव्हा मी शंभू महादेवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर मागणं बंद केलं. देव्हारा टाकला नाही, कारण तो सासूबाईंनी दिलेला. दुसऱ्याची वस्तू टाकता येत नाही.

घरात मी आणि माझा मुलगा हेमंत. त्याचा जन्म इथलाच. नोकरी बरी होती, लग्न करत नव्हता, आणि जीव सगळा सायकलीत. तीही चांगल्या डांबरी रस्त्यावरची नाही. जाड, दातेरी टायरांची सायकल घेऊन तो दर वर्षी सायप्रस बेटावर जायचा आणि तिथल्या जंगलातले खडीचे रस्ते तुडवायचा. वन खात्याने डोंगर कापून पाडलेले रस्ते. लाल माती, सुटे दगड, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. परत आला की मी मटार सोलायला बसले असताना फोटो दाखवायचा.

"अरे, हे तर आमचं माण आहे," मी म्हणायची. "उन्हातले दगड बघायला विमानाने कशाला जायचं?"

"आई, तुला नाही कळणार. तो रस्ता काय मस्त आहे!"

"दगड मला तुझ्यापेक्षा जास्त कळतात. शेळ्यांमागे वाढलेय मी."

तरी मी ऐकायची. दुसरं कोणी ऐकणारं नव्हतं त्याला. कुठे टायरमधली हवा कमी करायची, कुठे झऱ्यावर पाणी भरायचं, कुठे सायकल खांद्यावर घ्यायची, सगळं सांगायचा. ते बेट मी पाहिलं नाही, पण त्याच्या वाटा मला आमच्या गल्लीसारख्या पाठ झाल्या होत्या.

दसऱ्याला आमच्यात अवजारांची पूजा करतात. मी हॉलमध्ये कार्पेटवर वर्तमानपत्र पसरून विळी, शिलाई मशीन, बागेतलं खुरपं आणि नवऱ्याचा स्टेथोस्कोप मांडायची. त्या वर्षी हेमंतने सायकलही आणून उभी केली. चार दिवसांनी निघणार होता. मी हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, देव्हाऱ्यातली छोटी घंटा उचलली. तिची मूठ कधीच तुटली होती, वर नुसती कडी उरली होती. त्या कडीतून तार ओवून ती सायकलच्या दांड्याला आवळली.

"आई, हे काय? वाजत राहील ती. लोकांना वाटेल बकरी आली."

"बकरीच्या वाटेने जातोस तर बकरीसारखा जा. वळणावर समोरच्याला कळेल तरी."

"आणि तुझ्या देवाला?"

"त्याला मी ताटली वाजवीन. काढायची तर परत आल्यावर काढ."

हसला, पण काढली नाही. देवाची घंटा काढून सायकलला बांधणारी बाई कार्डिफात मी एकटीच असेन.

बेटावर गेला की रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. या खेपेला एका रविवारी आला नाही. सकाळी हॉटेलला मी फोन केला. माझ्या मोडक्या इंग्रजीलाही उत्तर मिळालं, की खोलीतल्या पलंगावर रात्री कोणी झोपलेलंच नाही. मग पोलिसांना कळवलं. इथला पोलीस घरी आला, कोणत्या रस्त्याने गेला म्हणून विचारलं, चहा प्यायला आणि तिकडे कळवतो म्हणून गेला. तो गेल्यावर मी देव्हाऱ्यासमोर उभी राहिले. सवयीने हात घंटेकडे गेला. घंटा तिथं नव्हती. हात तसाच राहिला. त्या मोकळ्या हाताने मी इतक्या वर्षांनी मागितलं. एवढा एक राहू दे. बाकी काही नको.

मग कोट चढवून बाहेर पडले. आमच्या कोपऱ्यावर मासे-चिप्सचं दुकान होतं. मालक आंद्रेआस, त्याच बेटावरून आलेला, हे हेमंतनेच सांगितलेलं. तळलेल्या माशांच्या वासामुळे मी त्या दारावरून नाकाला पदर लावून जायची. त्या दिवशी सोमवार, माझा उपवास. तशीच आत गेले.

"बंद आहे, लव्ह. संध्याकाळी ये," तो पाठमोराच म्हणाला. इथं दुकानदार कोणालाही लव्ह म्हणतात.

"मासे नकोत मला. माझा मुलगा तुझ्या बेटावर हरवलाय."

तो वळला. हात पुसले. मी मला येईल तसं सांगितलं. पश्चिमेचं जंगल, लाल मातीचा रस्ता, झऱ्यावरचं मोठं झाड, तिथून खाली पूर्वी उंट जायचे त्या वाटेवरचा दगडी पूल. रविवारी तिथं जाणार होता.

"एकाच कमानीचा पूल?"

"एकाच. कठडा नाही म्हणाला."

तो बटाट्याच्या पोत्यावर बसला. "मम्मा, त्या पुलावरून मी शाळेत जायचो. माझी बहीण मारिया अजून तिथंच राहते."

त्याने बहिणीला फोन लावला. त्यांची भाषा ऐकून वाटावं की भांडतायत. फोन ठेवून म्हणाला, "गावातली माणसं गाडी काढतायत. मारिया पण जातेय. घरी जा, काही कळलं की मी येतो."

"मी इथंच बसते. सुरी दे."

"बटाटे सोलायला मशीन आहे, मम्मा."

"असू दे."

बादलीशेजारी बसून मी बटाटे सोलत राहिले. माशांच्या वासाची शुद्ध नव्हती. दुपारनंतर फोन वाजला. आंद्रेआस ऐकताऐकता ओरडला, "सापडला! जिवंत आहे!" गिऱ्हाइकं आली तर त्यांनाही सांगायला लागला. एकीने माझा खांदा थोपटला. मी सुरी खाली ठेवली नाही. आमच्याकडे म्हणतात, दूध तोंडाशी येईपर्यंत दूध नव्हे.

अंधारून येताना पुन्हा फोन वाजला. या वेळी तो ओरडला नाही. त्याने आधी तेलाच्या कढया बंद केल्या, दारावरची पाटी उलटी केली, गिऱ्हाइकांना हळू आवाजात बाहेर काढलं आणि काउंटरच्या अलीकडे आला. त्याला बोलावं लागलं नाही. मीच म्हणाले, "गेला ना?"

हेमंतचं शव विमानाने आलं. इथंच दहन केलं. त्यानंतर मी दिवा लावला नाही. मागितलेलं एक तेवढं दिलं नाही, तर दिव्याला तेल कशाला? सुतक संपलं तरी देव्हाऱ्यावर कापड टाकलेलंच होतं.

पुढे एका रविवारी आंद्रेआस घरी आला. मारियाने सगळं सांगितलं होतं, पण मला ऐकायचं आहे की नाही हे त्याला कळत नव्हतं. मी म्हणाले, सांग.

मारियाचा नवरा शेळ्या चारायला डोंगरावर होता. गावात शोध चाललाय हे त्याला माहीतच नव्हतं. वारा सुटला होता. खालच्या दरीतून घंटेचा आवाज आला. आपल्या शेळीच्या घंटेचा आवाज मेंढक्याला कळतो, माझ्या बापालाही कळायचा. ही घंटा त्याची नव्हती. दुसऱ्या कोणाची शेळी पडली असं समजून तो उतरला. सायकल एका काटेरी झुडपात अडकली होती आणि वाऱ्याने हलत होती. तिच्या खाली, रस्त्यावरून कोणालाच दिसला नसता अशा जागी, हेमंत पडलेला. त्याने खालून हाक मारली तेव्हा शोधायला पुलावर आलेली माणसं, पाणी, घोंगडी, मारिया, सगळं हाकेच्या अंतरावर होतं. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्या-चमच्याने पाणी पाजलं. तो घंटेकडे बघून म्हणाला, "माझ्या आईची आहे." मारियाला तेवढं इंग्रजी येतं. आतून रक्त वाहत होतं, बाहेरून कोणाला कळलं नाही. जवळच्या गोठ्याचं दार काढून त्याच्यावर निजवून त्याला न्यायला लागले. तो पुलापर्यंतच पोचला. मारियाचा हात त्याच्या हातात होता.

आमच्याकडच्या दगडांत पडून राहिलेली माणसं मी लहानपणी ऐकलेली आहेत. गिधाडं फिरायला लागली की गावाला कळायचं. माझा मुलगा तसा गेला नाही. मी जीव मागितला होता, तो मिळाला नाही. पण पाणी, मांडी आणि धरलेला हात हे मागायचं मला सुचलंच नव्हतं. ते न मागता मिळालं. देवाने केलं की वाऱ्याने, याचा वाद मला घालायचा नाही. मारियाला आणि तिच्या नवऱ्याला मी हात जोडते, आणि ते हात जोडताना कोणाकडे जातात ते मला ठाऊक आहे. शरण जाणं यालाच म्हणत असतील तर मी गेले. हसत गेले असं नाही.

आंद्रेआस उठताना म्हणाला, "मम्मा, घंटा त्यांच्याकडे आहे. पाठवायला सांगू?"

"नको. म्हणावं, शेळीला बांधा. पुढे चालणाऱ्या."

तो गेल्यावर देव्हाऱ्यावरचं कापड काढलं आणि दिवा लावला.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दसऱ्याला आंद्रेआस दुकान उशिरा उघडतो. शेळ्या घरी यायच्या वेळेला मारिया दुकानात फोन करते आणि रिसीव्हर खिडकीबाहेर धरते. माशांच्या वासात उभी राहून मी कान लावते. आधी सगळा नुसता गलका असतो, मग त्यातून ती ओळखू येते. मी नवी घंटा घेतली नाही. आरती ताटलीवरच करते. पूजा इथं, घंटा तिथं. देव एकच असेल तर त्याला दोन्हीकडचं ऐकू जात असेल.