मारोतरावांच्या दारातली ज्वारी

१९६५च्या श्रावणात पावसानं दडी मारली आणि नागपूरकडच्या खाप्याजवळ एका गावात मारोतराव पाटलांची चार ढोरं एका दुपारी मेली. गुडघाभर वाढून सुकत चाललेल्या ज्वारीत ती शिरली होती. बाहेर आली ती झिंगतच, तोंडाला फेस, पाय ताठ. गावानं ज्वारीकडे पाहिलंच नाही. बायजाबाईचं नाव घेतलं.

बायजाबाई बौद्ध वस्तीतली विधवा. नवरा होता तेव्हा दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. तेव्हापासून वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, आणि ते गावाला अजून सलत होतं. त्यातून त्या दुपारी ती मारोतरावांच्याच शेताच्या धुऱ्यावर, बांधावरचं गवत कापत होती.

"कातड्यासाठी जहर देल्लं इनं," मारोतराव म्हणाले.

"कातडं आम्ही कवाच सोडलं, पाटील. तुमच्याच डोक्यातून जाऊन नाही राहिलं," ती म्हणाली. हातातला विळा तिनं खाली ठेवला नाही.

मारोतरावांनी आणि गावातल्या माणसांनी तिचं घर धुंडाळलं. पीठ मातीत ओतलं, गाडगी फोडली. सापडलं काहीच नाही. ती दारात उभी राहून एकेकाचं तोंड पाहत होती. कोणी काय फोडलं, ते ती पुढे कधी विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी सावनेरहून ढोरांचे डॉक्टर आले. त्यांनी एका बैलाचं पोट फाडलं. आत ज्वारीच्या पानांचा लगदा होता.

"पाण्याविना खुंटलेली कोवळी ज्वारी जनावराला विषच असते," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तिकडे ढोरं फिरकू देऊ नका."

मारोतरावांनी ऐकून घेतलं. डॉक्टरांची पाठ फिरताच म्हणाले, "बापजाद्यापासून ज्वारी पेरून राहिलो. ज्वारीनं कुठं ढोर मरते काय गा? वस्तीवाल्यायनं पढवलं त्याले."

मग ढोरं ओढायला या, असा त्यांचा वस्तीत निरोप आला. बायजाबाईचा दीर धोंडबा यानं साफ नाही म्हटलं. वास सुटल्यावर मारोतरावांच्या मुलांनाच नाकाला फडकं बांधून ती ओढावी लागली. त्या दिवसापासून वस्तीला गावात मजुरी मिळेना. वस्तीची नदीची वाट बाभळीच्या काट्या टाकून अडवली.

एके दिवशी बायजाबाई पहाटे उठली, तर अंगणात तिच्या गायीपुढे हिरव्या ज्वारीची पेंढी पडलेली. पानं कोमेजलेली. गाय मान ताणत होती, पण दोर आखूड, म्हणून तोंड पुरत नव्हतं. टाकणारा घाईत होता.

"चाल, पोलिसात जाऊ वैनी," धोंडबा म्हणाला.

"पोलीस कोणाच्या घरी चहा पिते, माहीत नाही काय तुले?"

तिनं पेंढी डोक्यावर घेतली आणि गावाच्या मधल्या रस्त्यानं चालू लागली. माणसं कामं टाकून मागं आली. मारोतराव अंगणात दात घासत होते. बाजूला त्यांचा उरलेला बैल बांधलेला. बायजाबाईनं पेंढी बैलापुढे टाकली.

"पाटील, ज्वारीनं ढोर मरत नाही म्हणता ना? खाऊ द्या मंग."

बैलानं तोंड घातलं. मारोतराव धावले. एका हातानं वेसण ओढली, दुसऱ्या हातानं बैलाच्या जबड्यातली पानं खरवडून काढली. मग त्यांना अंगणातली माणसं दिसली. दारातली त्यांची बायको, पार्वतीबाई, खाली मान घालून आत गेली.

"काहून ओढला बैल?" बायजाबाईनं विचारलं. "सांगा ना. काहून ओढला?"

"निघ इथून," मारोतराव म्हणाले. तिच्याकडे बघणं त्यांनी टाळलं.

पुन्हा कोणी तिच्यावर जहराचा आळ घेतला नाही. पण माफीही कोणी मागितली नाही, वाटेवरच्या काट्याही निघाल्या नाहीत. दिवाळीआधी ती गाय घेऊन खाप्याला गेली. तिथं विणकरांच्या घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, दूध विकलं आणि तिथलीच झाली.

बऱ्याच वर्षांनी धोंडबा सांगत आला, मारोतराव अंथरुणाला खिळले, तिला एकदा भेटायचं म्हणतात.

"काय बोलायचं हाये त्याले?"

"ते नाही सांगतलं."

"तोंड चालते ना अजून? मंग निरोपात पाठव म्हणा."

निरोप आला नाही. मारोतराव गेल्याचं कळलं तेव्हा ती गायीला पाणी दाखवत होती. बादली रिकामी होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली, आणि मग कांड्या भरायला गेली.