पाटीला गावी नेलं त्याची गोष्ट

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दीपा मॅडमनं आसनपोडच्या शाळेतल्या हातपंपावर कुत्रीचं तोंड धुतलं. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

सकाळची शाळा होती. पोरं यायची होती, ऊन अजून शाळेमागच्या टेकडीवरच होतं. कुत्री ओढ्याकडून आली आणि मॅडमच्या खोलीच्या पायरीशी बसली. अंगानं काळी, छातीवर खडूनं रेघ मारावी तसा पांढरा पट्टा. म्हणून पोरांनी तिचं नाव पाटी ठेवलं होतं. आज तिचं तोंड कानापर्यंत लाल होतं आणि दातांत तपकिरी केस अडकले होते. मॅडमनं स्वतःलासुद्धा काही विचारलं नाही. तिनं पाटीला गळपट्ट्याला धरून पंपाखाली नेलं, दोन बादल्या ओतल्या आणि ओढणीच्या टोकानं दात पुसले. मान वर केली तेव्हा दुसरी-तिसरीची चार पोरं दप्तरं घेऊन उभी होती.

"काय पाहता? वर्गात बसा," ती म्हणाली.

खिचडीच्या आधी लखीराम आला. टेकडीखालच्या तांड्यावरचा, चाळीस बकऱ्यांचा धनी. खांद्यावरचं मेलेलं करडू त्यानं शाळेच्या पायरीवर ठेवलं आणि पायातल्या चपला काढल्या. शाळेत चपला घालून तो कधी चढला नव्हता.

"मॅडम, तुमची कुत्री सकाळून कुठं होती?"

"माझ्या खोलीत. बाहेरून कडी होती."

"रात्रभर?"

"रात्रभर."

"पोरायले इचारू?"

"पोरं आत्ता आली. त्यायले काय माहीत?"

लखीरामनं दारातून वर्गाकडं पाहिलं. पंधरा पोरं पुस्तकात डोळे घालून बसली. या वर्गात खोटं बोललेल्या पोराला दिवसभर दाराच्या चौकटीशी उभं राहावं लागे. तो नियम मॅडमचाच होता आणि अकरा वर्षांत तिनं तो एकदाही सैल सोडला नव्हता.

"ठीक हाय," लखीराम म्हणाला. "एक तारखेले निकाल वाटून तुमी गावाले जासान. दोन तारखेले मी भाकरीत औषध घालतो. तुमची नसन त तुमाले काय दुःख?"

करडू खांद्यावर टाकून तो उतरला. चपला त्यानं हातातच नेल्या.

दीपा मनवरबद्दल पोडात, कोलामांच्या त्या वस्तीत, दोन मतं नव्हती. बाई कडक, बाई एकलकोंडी. कोलामी तिला पोरांना रागावण्यापुरती येत होती, तेवढ्यात तिचं भागत होतं. नोकरी लागून पंचविसाव्या वर्षी ती इथं आली, तेव्हा पांढरकवड्याहून येणारी गाडी अलीकडच्या फाट्यावरच थांबायची. अजूनही तिथंच थांबते. बदलीचे अर्ज दोनदा निघाले, तिनं भरले नाहीत. लोकांना वाटलं, बाईचा पोडावर जीव जडला. खरं एवढंच होतं की बदली मागितली तर उमरखेड तालुका मागावा लागला असता. मग ढाणकीला घरी राहावं लागलं असतं, आणि घरी आता भावजय होती. दीपा दिवाळीत आठ दिवस जायची, उन्हाळ्यात पंधरा. उरलेली सुट्टी या ना त्या प्रशिक्षणाच्या नावानं काढायची. दोन वर्षांपूर्वी खिचडीच्या वासानं एक पिल्लू शाळेत आलं आणि टिकलं. थाळी वाजली की पोरांच्या ओळीत शेवटी बसायचं. तेव्हापासून संध्याकाळी तिच्या खोलीत कुणाशी तरी बोलल्याचा आवाज यायला लागला, असं पोडातल्या बाया सांगत.

एक मेला झेंडा झाला, निकालपत्रकं वाटली. दोरी, खताची रिकामी बोरी आणि पाण्याची बाटली घेऊन मॅडम फाट्यावर आली. पाटीला तिनं बोरीत बसवलं, तोंड तेवढं बाहेर. कोंबड्या लोक अशाच नेतात.

पहिल्या गाडीत कुणाला कळलं नाही, दुसऱ्या गाडीतही नाही. यवतमाळहून पुढच्या गाडीत कंडक्टरनं बोरी हलताना पाहिली.

"हे काय हाय?"

"कुत्री. पायाशी ठेवते, कोणाला त्रास नाही."

"उतरवा."

"मागच्या बाकावर कोंबड्या हायेत. त्या चालतात?"

"कोंबडी चावत नाई, मॅडम."

"ही पण चावत नाही."

ते खोटं नव्हतं. माणसाला ती चावत नव्हती.

"अरे, बसू दे ना मास्तरणीले," कुणीतरी म्हणालं. लगेच खिडकीजवळच्या बाईनं साडी आवरली. "काहून बसू दे? उद्या कोणी म्हैस आणन." गाडी हसली. हसण्यात आरणीपर्यंतचा रस्ता निघून गेला, आणि आरणीला कंडक्टरनं बोरी स्वतः उचलून खाली ठेवली. फेकली नाही. पण घंटी लगेच वाजवली.

दुपारचा एक वाजला होता. स्टँडवरच्या लोखंडी बाकाला हात लागत नव्हता. पुढच्या दोन गाड्यांनी दारातूनच परतवलं. पाटीची जीभ बोरीच्या काठावर लोंबत होती. शेवटी टरबुजाचा पिकअप उमरखेडला निघाला होता. चालवणारा विक्की नावाचा पोरगेला माणूस. त्यानं मॅडमकडं न पाहता बोरीकडं पाहिलं.

"मागं बसा. टरबूज फुटलं त तुमचं."

"आणि ही?"

"ती त आधीच फुटल्यासारखी दिसून राह्यली."

ताडपत्रीखाली टरबुजांवर बसून तिनं महागाव मागं टाकलं. प्रत्येक गतिरोधकाला टरबुजं खालून सरकायची आणि पाटी तिच्या मांडीत नखं रुतवायची. उमरखेडहून ऑटोनं ढाणकीला येऊन घराच्या दारात उभी राहिली तेव्हा सलवारीवर रक्ताचे ठिपके होते.

वहिनीनं दार उघडलं, पण ती दारातून बाजूला झाली नाही.

"ताई, फोनवर तुम्ही एकट्या येता असं म्हणाल्या होत्या."

"अंगणात राहील. बांधून ठेवीन."

"अंगणात कुरडया हायेत."

खरंच होत्या. अंगणभर बाजा, बाजांवर धुतलेली लुगडी, लुगड्यांवर पांढऱ्याशुभ्र ओल्या कुरडया. गल्लीत पाळी असते. ज्या घराची पाळी, त्या घरी सगळ्या बाया चीक शिजवायला आणि सोऱ्या दाबायला येतात. आज या घराची पाळी होती. सात-आठ बाया हातातलं काम थांबवून दीपाच्या मांडीवरचे डाग पाहत होत्या.

"ताईची खोली मोकळी हाय ना?" त्यांच्यातली नंदाबाई म्हणाली. ती शेजारच्या घरातली.

"खोली हाये," वहिनी म्हणाली. "पंखा तेवढा आमच्याकडं लावला. लेकराले घामोळ्या आल्त्या."

पाटीला मोरीमागच्या भिंतीशी बांधलं. तिथं दुपारी तीन वाजेपर्यंत सावली असे. तीननंतर दीपा खोलीतली चादर दोन खिळ्यांवर बांधायची. तीन दिवस पाटी भुंकली नाही. वहिनी मोरीत जाताना नाकाला पदर लावायची. राजदीप, दीपाचा भाऊ, दुकानातून आला की विचारायचा, "किती दिवस?" तो हे कुत्रीबद्दल विचारतो की आपल्याबद्दल, हे दीपानं कधी विचारलं नाही. बाबाराव, तिचे वडील, खाटेवर पेपर धरून सगळं ऐकायचे. पोस्टात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. दुसऱ्याची चिठ्ठी हातात असून न वाचण्याची सवय त्यांना अजून होती.

चौथ्या दिवशी सकाळी नंदाबाईच्या खुराड्यात दोन कोंबड्या मेलेल्या निघाल्या. मानेला चावा, अंग तसंच. पिसं कुंपणावरून मनवरांच्या अंगणात उडत आलेली.

"बोलवा तुमच्या मास्तरणीले," नंदाबाईनं बाहेरूनच सुरुवात केली.

"ती बांधलेली होती, काकू. गाठ मी मारली होती, सकाळी तशीच होती. मुंगूस असेल. कुत्रं मारून सोडून देत नाही, खातं."

"तुले बरं माहीत, कुत्रं कसं खाते."

"मी खरं सांगते."

"मास्तरीण हाय म्हणून खरं झालं काय? आमच्या गल्लीत आजवर कोंबडी मेली नाई. तू आली अन् मेली."

वहिनी हळूच पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "आता सांडगे घालायले कोणी येईन काय आपल्याकडं?"

राजदीपनं मोटारसायकलची किल्ली घेतली. "ताई, वाद नको. पैनगंगेच्या पल्याड सोडून येतो. तिथं गावं हायेत, जगन ती."

"ती बांधलेली होती, राजू."

"असन. पण आमाले इथं राहायचं हाय."

त्यानं मोरीमागं जाऊन दोर सोडला. पाटी शेपूट हलवत त्याच्याबरोबर निघाली. इथं आल्यापासून पहिल्यांदाच त्या घरातल्या कुणी तरी तिला हात लावला होता. दीपा मध्ये येऊन उभी राहिली. दोर दोघांच्या हातात. गल्ली बघत होती.

तेव्हा बाबारावांनी पेपर खाली ठेवला.

"दीपा. त्या तुझ्या पोडात हिनं काही केलतं काय?"

तिला नाही म्हणायचं होतं. एकदा म्हणून झालं होतं, त्यामुळं सोपं जायला हवं होतं. पण आज ती खरं बोलत होती, आणि आजचं खरं कुणी घेत नव्हतं. वर आणखी एक खोटं ठेवलं तर खालचं खरं दबून जाईल, एवढं तिला कळलं. ती गप्प राहिली.

बाबाराव तिच्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "मंग तिथलं इथं कायले आणलं?"

नंदाबाई कुंपणावरची पिसं वेचायला लागली. राजदीपनं दोर सोडला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या गाडीनं दीपा निघाली. दाराशी कोणी आलं नाही. या खेपेला तिनं बोरी घेतली नाही. पाटीला सरळ दोरीनं धरून दारात चढली. कंडक्टर काही बोलायच्या आत म्हणाली, "कुत्री आहे. चावत नाही, पण हिनं बकरीचं पिल्लू मारलेलं आहे. उतरवायचं असेल तर आत्ताच सांगा." कंडक्टरनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागच्या दाराच्या पायरीजवळची जागा दाखवली. आरणीला गाडी बदलून, यवतमाळला दोन गाड्या सोडून, फाट्यापासून साडेचार किलोमीटर चालून ती पोचली. पोड ओसाड होतं. सगळे तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेले. ती खोलीत गेली नाही. बकऱ्या परतायची वेळ होईपर्यंत शाळेच्या पायरीवर बसली आणि मग तांड्यावर उतरली.

लखीराम बकऱ्यांच्या वाड्याचं काटेरी फाटक लावत होता.

"दोन तारखेले मी आलतो, मॅडम," तो तिच्याकडं पाठ करूनच म्हणाला. "भाकर घेऊन."

"माहीत आहे. लखीरामदादा, करडू हिनंच मारलं. तोंड मी धुतलं. खोलीला कडी नव्हती."

त्यानं फाटक पूर्ण लावलं, दोर गुंडाळला. मग वळला.

"मले त्याच दिवशी माहीत होतं. तुमची ओढणी ओली होती, तिच्यावर बकरीचे केस होते. मी इचारत होतो ते कुत्रीसाठी नाई, तुमच्यासाठी. माझी नात तुमच्या वर्गात हाय. ती दोन रात्री झोपली नाई. 'आज्जा, मॅडम चौकटीशी काहून उभी राह्यली नाई?' असं इचारे. मी काय सांगू तिले?"

दीपानं पाटीच्या दोराचा मनगटाला आणखी एक वेढा घेतला.

"तवाच सांगतलं असतं त चार टकरांत भागत होतं. आता रक्ताची चव लागून आठ दिवस झाले."

"कसल्या टकरा?"

धनी कबूल झाला तर तांड्यावर खोड लागलेलं कुत्रं मारत नाहीत, आधी शिकवतात. ज्या बकरीचं पिल्लू गेलं, तिच्यासमोर त्याला खुंट्याला आखूड दोरानं बांधायचं. बकरीला सोडायचं. बाकी तिचं ती पाहते. एकाच दिवसात नाही, रोज, कुत्र्यानं बकरीकडं पाहणं सोडेपर्यंत. कुत्रं शिकलं तर राखणीला ठेवतात. नाही शिकलं तर भाकर आहेच. लखीरामनं हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं, वर्गातल्या पोरांना समजावून सांगितल्यासारखं.

"एक गोष्ट," तो म्हणाला. "तुमी कुंपणाच्या भायेर उभं राहायचं. निघून जायचं नाई. कुत्र्याले वाटते, मालक आपल्याले सोडवन. तो सोडवत नाई हे तिले दिसलं पायजे. हात आत गेला का मी दोर सोडतो. मंग तिचं तुमी पाहा."

तिनं दोर त्याच्या हातात दिला.

बकरी भुरकी होती, एक शिंग मागं वळलेलं. आचळं अजून जड दिसत होती. ती पाटीकडं धावली नाही. आधी लांबून वास घेतला, दोन पावलं मागं सरली आणि डोकं खाली घातलं. पहिली टक्कर बरगडीत बसली. पाटी ओरडली आणि दीपाकडं वळली. दोर ताणला. दुसरी टक्कर. पाटी खुंट्याभोवती फिरली, पुन्हा दीपाकडंच तोंड करून, आणि रोज संध्याकाळी खोलीचं दार उघडायला लावायची तसं बारीक कुंईकुंई करत राहिली. कुंपणाच्या काट्यांशी दीपाचे हात होते. आत नव्हते. काटे तळव्यात गेले हे तिला नंतर कळलं.

पाचव्या की सहाव्या टकरीनंतर पाटीनं तिच्याकडं पाहणं सोडलं. ती जमिनीला चिकटून पडली, हनुवटी मातीत. भुरकी बकरी तिच्या तोंडासमोरून चालत गेली. पाटीनं मान दुसरीकडं वळवली.

लखीराम आत गेला, बकरी बाजूला केली, खुंट्याची गाठ पाहिली.

"आता उद्या," तो म्हणाला. "अन् परवा. शाळा उघडेपर्यंत ती इथंच राहील. रोज या तुमी. उशीर नाई चालत."

"पाणी पाजू का तिला?"

"मी पाजतो. तुमच्या हातचं आज नाई प्यायची."

दीपानं बाटली कुंपणाच्या खांबाशी ठेवली. लखीरामनं ती उचलली, झाकण उघडून वास घेतला आणि ओंजळीत ओतून पाटीच्या तोंडाशी धरली.