तोंड बुजवलेलं जातं

इंदापुरात इतिहास मंडळानं जुन्या वस्तूंचं दालन काढलंय. पाभर, मोट, कुळव, उखळ, सगळं झाडून-पुसून मांडलंय. चांगलं काम आहे, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. आता त्याचं नाव काढलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तिथं आमच्या सासूबाईंचं जातं आहे, त्यांच्या माहेराहून आलेलं. आम्ही भवानीनगरला राहतो. पीठ गिरणीतनं येतं, म्हणून जातं पडवीत नुसतं पडून असायचं. मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त गुरुजी, ते मागायला आले तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली. "घरात लगीन निघालं की हळदीपुरतं माघारी द्यायचं."

"अवो आजी, तुमचंच हाय की. कवाबी न्या," गुरुजी म्हणाले.

ही अट हौसेची नव्हती. सासरे गेल्यापासून सासूबाईंना हळद लावायला कुणी पुढं बोलवत नाही. मला हे मुळीच पटत नाही, पण भावकीपुढं माझं चालतंय कुठं? मात्र लग्नाची हळद जात्यावर दळायची आणि जिचं जातं तिनंच पहिली मूठ घालायची, ही आमच्या घरची रीत. तिथं विधवा-सवाशीण कुणी बघत नाही. नातवंडांच्या लग्नात त्यांचा हात लागायचा तो एवढाच.

यंदा माझ्या लेकीचं लग्न ठरलं. जातं आणायला आम्ही टेम्पो घेऊन गेलो. सासूबाईंनी पदराच्या गाठीला हळकुंडं बांधली होती.

'हात लावू नये' अशी पाटी होती. सासूबाईंना कुठली पाटी! त्यांनी खुंटा धरून ओढला. हलेना. वय झालंय, असं वाटून मी पुढं झाले, जोर लावला. ढिम्म! वाकून बघते तर काय, दोन्ही दगडांच्या फटीत सिमेंट, तोंडातही गच्च सिमेंट.

"पोरं फिरवत्यात, बोटं सापडत्यात," गुरुजी म्हणाले. "म्हणून पक्कं करून टाकलं. आता कुणाच्या बापाला हलायचं न्हाय!" आणि वर हसले, मोठ्या कौतुकानं.

"अहो, फिरत नाही ते जातं कसलं? धोंडा म्हणा की त्याला!" मी ओरडले. पुढं जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नवऱ्यानं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

सासूबाई तेवढ्या शांत होत्या. "छिन्नीनं निघंल का वो गुरुजी?"

"फुटंल, आजी."

त्यांनी खुंट्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मरताना माणसाच्या तोंडात पाणी तरी घालत्यात. तुमी शिमिट घातलं."

शेजारणीचं जातं मिळत होतं. पण मग पहिली मूठ शेजारणीची झाली असती. म्हणून हळदीच्या सकाळी मी मिक्सर काढला, हळकुंडं फोडून ठेवली आणि सासूबाईंना हाक मारली, "आत्या, या. पहिली मूठ तुमचीच."

त्या दारात आल्या, मिक्सरकडं बघितलं.

"बटन दाबलं की फिरतंय ते," म्हणाल्या. "त्याला माझी मूठ कशाला लागती?"

मांडवात लेकीला हळद लागली तेव्हा त्या मागच्या दारी लसूण सोलत बसल्या होत्या.