खाच मागच्या अंगाला

नववीत शाळा सुटली. ड्रॉइंग वाचायला मी शिकलो तो कोल्हापुरात, लेथवर लागल्यावर. आमचे मिस्त्री खडूने फरशीवर काढून दाखवायचे. कागदाच्या डावीकडे काढलेलं चित्र म्हणजे वस्तू उजवीकडून पाहिलेली. सावली कशी पलीकडे पडते, तसं. डोक्यात बसलं ते बसलंच.

सिंगापूरला मला आणलं साहेबांनी. साहेब पुण्याचे इंजिनियर, आंग मो किओतल्या आमच्या कारखान्याचे मॅनेजर. जुनी मशिनं निघून कॉम्प्युटरवाली येणार होती, आणि संध्याकाळच्या कोर्सचं सर्टिफिकेट मिळवेल त्याचंच इथे काम करायचं परमिट वाढेल, असं ऑफिसने सरळ सांगितलं होतं. दहावी नसलेल्या माणसाचं नाव त्या कोर्सला साहेबांनी घातलं. मी लिफ्टसमोरच त्यांच्या पाया पडलो. ते अवघडले. हे उपकार मी आजही नाकारत नाही, तीच तर अडचण आहे.

वर्गात सगळं इंग्रजीत. ड्रॉइंगचा पहिला धडा माझा ओव्हरटाइममुळे बुडाला होता. प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात धास्ती वाटायला लागली, म्हणून कँटीनमध्ये साहेबांना विचारलं, इथलं ड्रॉइंग आपल्यासारखंच असतं ना?

ते मोबाइलवर काहीतरी वाचत होते. म्हणाले, "ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग रे. जगात सगळीकडे सारखंच. उगाच घाबरतोस."

घाबरणं सोडलं.

परीक्षेत ड्रॉइंग बघून लोखंडाचा तुकडा करायचा होता, एका टोकाला भोक आणि एका अंगाला खाच. माझा सगळ्यांच्या आधी झाला. कानस मारून कडा साफ केल्या, मापं तीनदा तपासली. एकही माप चुकलेलं नव्हतं. फक्त खाच पुढच्या अंगाला हवी होती, ती मी मागच्या अंगाला पाडली होती. तुकडा फिरवून धरावा तर भोक दुसऱ्या टोकाला जायचं. आरशात बघून केल्यासारखा. इथे डावीकडचं चित्र डावीकडूनच पाहिलेलं असतं. कागदाच्या कोपऱ्यात तशी खूण होती. मला ती कंपनीची निशाणी वाटली.

मास्तर म्हातारे चिनी गृहस्थ. मी त्यांना म्हणालो, "सर, माय जॉब इज गॉन." आमच्याकडे लोखंडाच्या तुकड्यालाच जॉब म्हणतात. त्यांना वाटलं, मला कंपनीने काढलं. ते खुर्चीवरून उठले, पाठीवर हात ठेवला आणि इथल्या लोकांच्या लकबीत म्हणाले, दुसरीकडे मिळेल लाह, तुझा हात चांगला आहे. मग गैरसमज कळल्यावर दोघंही हसलो. हसत हसतच त्यांनी नापास लिहिलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

सोमवारी ऑफिसमध्ये बोलावणं आलं. परमिटचं बघणाऱ्या बाई, शेजारी साहेब. बाईंनी विचारलं की मापं इतकी बरोबर आणि बाजू उलटी, हे कसं? ड्रॉइंग असं वाचायला सांगितलं कुणी?

साहेब खिडकीबाहेर बघत होते. त्यांना कँटीन आठवत होतं, हे त्यांच्या मानेवरूनच कळत होतं. ते रोज इथली ड्रॉइंगं पास करतात आणि पुण्याच्या कॉलेजात माझ्यासारखंच उलटं शिकलेत. एक वाक्य ते बोलले असते, तर बाईंनी मला परत परीक्षेला बसवलं असतं. मी थांबलो.

मग मी म्हणालो, "गावाकडच्या मिस्त्रींनी."

ज्या माणसाने मला एक अक्षर चुकीचं शिकवलं नाही, त्याचं नाव मी पुढे केलं. बाईंनी लिहून घेतलं. कंपनी दुसऱ्यांदा पाठवणार नाही, परमिट आहे त्या तारखेपर्यंत चालेल, मग नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी थँक्यू म्हणालो. सवयच आहे.

बाहेर पॅसेजमध्ये साहेबांनी खांद्यावर हात टाकला. "शहाणा आहेस. उगाच मला मध्ये ओढलं नाहीस ते बरं केलंस. माझंही परमिट शेवटी यांच्याच हातात आहे, बाबा. रविवारी पासिर रिसला घरी ये. तुझ्या वहिनी पुरणपोळ्या करणारेत."

येतो म्हणालो, आणि गेलो. वहिनींनी आग्रह केला तशा तीन खाल्ल्या. पोळ्या छान झाल्या होत्या, तेही सांगितलं.