घडी नसलेली बोटं

“वाकव! अजून वाकव!” मी पायलचं बोट दाबत होते आणि ती सात वर्षांची पोर ओठ चावून रडत होती. मी चंद्रपुरात फिजिओथेरपिस्ट. तिची आई शेवंता दर आठवड्याला एटापल्लीहून एसट्या बदलून तिला आणायची. पायलची बोटं मधल्या सांध्यात वळत नव्हती. एक्स-रेत तिथं दोन हाडांमध्ये फट दिसली. फट आहे म्हणजे सांधा आहे, फक्त आखडलाय, असं मी ठरवून टाकलं.

तीन महिने गेले. फरक शून्य, वर बोटं सुजली. आधी पेन्सिल बरी धरणारी पोरगी आता ती टाकून द्यायची. माझा पारा चढला.

“बाई, तुम्ही घरी व्यायाम घेतच नाही!”

“रोज घेऊन राह्यली ना म्याडम. लय रडते पोरगी.”

“मग स्वतः मूठ वळून दाखवा तिला!”

शेवंतानं हात पुढे केला. बोटं सरळच राहिली. “मले बी नाई येत. माह्या बापाचे बी असेच होते. मी तेंदूपत्त्याचे पुडे बांधते, काई अडत नाई. मास्तर म्हणे दवाखान्यात ठीक होते, म्हणून आणलं.”

“मग आधी का नाही सांगितलं?” मी ओरडलेच.

“तुमी इचारलंच नाई.”

मी दोघींची बोटं शेजारी धरली. मधल्या सांध्यावर कातडीला घडीच नव्हती. जे कधी वाकलंच नाही, त्यावर घडी कशी पडेल? शेवंताचा एक्स-रे काढला. तिथं सलग एकच हाड.

गर्भात बोट म्हणजे आधी कुर्चेची, कानात असतं तशा मऊ हाडाची, एक अखंड कांडी असते. काही जीन्स तिथं निरोप देतात, इथं सांध्यासाठी जागा सोडा. काही जीन्स त्या जागी हाड वाढू देत नाहीत. या घराण्यात तो निरोपच चुकत आलेला. शेवंताच्या बोटात त्या कुर्चेचं हाड झालं होतं, पायलच्या अजून व्हायचं होतं; कुर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून पायलच्या बोटात मला फट दिसली. आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार! आणि मी तीन महिने आईला बोल लावले, लेकीला रडवलं. फार लाज वाटली.

व्यायाम त्याच दिवशी थांबवले. पुढच्या तपासणीला सूज गेलेली होती. पोरगी परत लिहायला लागली, असं शेवंता म्हणाली. मी बघायला हात पुढे केला. पायलनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

हल्ली कुणी मूल घेऊन आलं की मी आधी आईला म्हणते, “बाई, तुमचा हात बघू.”