आप्पांचे पाय

माझ्या धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मी पाहुण्यांचे पाय धुऊन मोडलं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि नव्या जिल्ह्याला पहिलं काम मिळालं ते दुष्काळाचं. (कचेरीतल्या खुर्च्या अजून यायच्या होत्या, दुष्काळ मात्र वेळेवर हजर झाला!) मी तिथं कारकून. दिवसभर टँकरसोबत औशाकडच्या गावांतून फिरायचं, घागरींवरची भांडणं सोडवायची आणि परत येऊन कागद भरायचे. झोप मिळाली तर ड्रायव्हरच्या शेजारी, बसल्या बसल्या. पुढं पुढं माझं असं झालं की चहानं तोंड पोळलं तर ते दुसऱ्या घोटाला कळायचं. मला विंचू चावला असता, तर तो बिळात जाऊन निजल्यावर मी ओरडलो असतो!

डॉक्टर म्हणाले, "लई ताणलं तुम्ही शरीर. नसा थकून गेल्या. मेंदूचा निरोप हाताला उशिरा पोचून राहिला. झोप घ्या."

"कधी?" मी विचारलं, तोवर ते पुढच्या पेशंटची जीभ पाहत होते.

अशात उदगीरहून सुमनला पाहायला पाहुणे आले. मुलाचे वडील आप्पा, भुसार मालाचे व्यापारी, पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला भस्म. मुलाला सुमननं पूर्वी एका लग्नात पाहिलं होतं आणि तो तिच्या मनात भरला होता. हे तिनं फक्त मला सांगितलेलं. त्या दिवशी पहाटेपासून नळावर उभं राहून तिनं एक घागर पाणी मिळवलं. पिण्याला, चहाला, स्वयंपाकाला घरात पाणी तेवढंच.

आमच्याकडं मुलीच्या भावानं वडीलधाऱ्या पाहुण्याच्या पायावर स्वतः पाणी घालायची रीत. आईनं घागर आणि तांब्या ओट्यावर ठेवून बजावलं, "एक तांब्या घाल. एकच! ऐकलास का?"

"हाव," मी म्हणालो. (ऐकण्यात माझी कधीच अडचण नव्हती.)

आप्पांनी धोतर जरा वर धरलं. मी पहिला तांब्या ओतला.

"बस," आप्पा म्हणाले.

मी दुसरा ओतला.

"बस म्हणलं की, व्याह्याचा मान आत्ताच देता का?" आप्पा हसले. मी तिसरा ओतला. बस म्हणजे थांबायचं हे मला कळत होतं, हो! पण ते कळणं खांद्याशीच कुठंतरी अडकलं होतं आणि हात आपला बुडवतोय, ओततोय, बुडवतोय!

"अरे, पाणी हाय का काय हाय!" आई दारातून ओरडली.

"साकू! साकू!" आप्पा घाबरून 'बस' म्हणायला कानडीत शिरले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं, त्यांची एक वहाण वाहत गटारापर्यंत गेली. शेवटी तांब्या घागरीच्या बुडाला खडखडला, तेव्हा कुठं माझ्या तोंडून आप्पांच्या पहिल्या 'बस'चं उत्तर बाहेर पडलं.

"बरं."

आई शेजारी पाणी मागून आली. कुणाकडंच नव्हतं. चहा झाला नाही. पाहुण्यांना कोरडा चिवडा दिला, तो आप्पांच्या घशात अडकला आणि पाठीवर थापा मारून खाली उतरवावा लागला. पाय स्वच्छ धुतलेली माणसं तहानलेली उदगीरला परत गेली.

मध्यस्थ निरोप घेऊन आले. "पोरगी लई गुणाची हाय म्हणले. पण असल्या दुष्काळात पाणी असं सांडणारं घर, आमच्यासारख्या दाणा-दाणा वेचणाऱ्या माणसाला झेपायचं न्हाई म्हणले."

आई रडली. सुमन रडली नाही. माझ्यापुढं ताट ठेवून ती एवढंच म्हणाली, "दादा, जेव अन् झोप रे जरा." तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी मात्र शांतपणे भाकरी चावत राहिलो. मला काहीच वाटलं नाही!

वाटलं ते आठवड्यानं. कचेरीत साहेब सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून कामाची तारीफ करत होते आणि मी एकदम हमसाहमशी रडायला लागलो. साहेबांना वाटलं, मी कौतुकानं गहिवरलो. त्यांचेही डोळे भरून आले, आणि त्यांनी खूश होऊन आणखी दोन गावांचे टँकर माझ्याकडं दिले.

"नको" म्हणायचं माझ्या मनात होतं. ते तोंडात येईपर्यंत मी टँकरमध्ये बसलेलो होतो.